शाळेत स्पॅनिश शिकवताय? आधी वर्गात लागणारी वाक्यं द्या, पुस्तक नंतर उघडा

पहिल्या वर्षी सातवीला स्पॅनिश घ्यायला लागले तेव्हा मी पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात केली. क्रियापदं, त्यांची रूपं, सोय, एरेस, एस, सोमोस, म्हणजे मी आहे, तू आहेस, तो आहे, आम्ही आहोत, सगळं फळ्यावर लिहिलं, मुलांनी वहीत उतरवलं, पाठ केलं आणि सहामाहीला मार्कही छान पडले. मग डिसेंबरात एका पालकांच्या ओळखीतलं स्पेनचं जोडपं शाळा बघायला आलं, वर्गात शिरताच हसून 'ओला, के ताल?', नमस्कार, कसं काय, म्हणाले, आणि माझी तीसच्या तीस मुलं गप्प. 'ब्येन', म्हणजे छान, एवढं एक अक्षर कुणाच्या तोंडून निघेना. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिनं सोय एरेस एस पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. त्या बाईंनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या, पण मला त्या दिवशी फार लागलं. मुलांची काहीच चूक नव्हती, बोलायला लागेल असं मी त्यांना काही दिलंच नव्हतं.

त्यानंतर मी सगळी पद्धत बदलली. आता जे करते ते इथे सविस्तर लिहितेय, स्पॅनिश शिकवणाऱ्यांसाठी तर आहेच, पण आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज किंवा फ्रेंच घेणाऱ्या टीचरांनाही यातलं बरंच वापरता येईल.

सगळ्यात आधी, कुठली वाक्यं निवडायची. पुस्तकं विमानतळ, हॉटेलची रूम, रेल्वेचं तिकीट यापासून सुरू होतात. डिचोलीतल्या बारा वर्षांच्या मुलाला या जूनमध्ये माद्रिदच्या विमानतळावर टॅक्सी पकडायची नाहीये, त्याला आत्ता या पिरियडला बाथरूमला जायचंय, शेजारच्याकडून पेन हवंय, आणि टीचर काय म्हणाली ते कळलं नाहीये. म्हणून पहिली वाक्यं ती, ज्यांच्यावाचून वर्गात त्याचं अडतं.

माझ्या वर्गात दारातून आत यायचं तर 'प्वेदो पासार?' म्हणायचं, म्हणजे आत येऊ का. बाथरूमला जायचं तर 'प्वेदो इर आल बान्यो?' मराठीत किंवा इंग्लिशमध्ये विचारलं तर मी रागवत नाही, फक्त हसून दाराकडे बोट दाखवते, तिथे ते वाक्य मोठ्या अक्षरात लावलंय, मुलगा वाचतो आणि जातो. आठवड्याभरात कुणी दाराकडे बघतही नाही. आणि एकदा 'प्वेदो' तोंडात बसलं की पुढचं आपोआप होतं, प्वेदो अब्रिर ला बेन्ताना, खिडकी उघडू का, प्वेदो बेबेर आग्वा, पाणी पिऊ का. क्रियापदाचं एकही रूप न शिकवता मुलं पाच वाक्यं बोलायला लागतात. पेनसाठी 'मे प्रेस्तास उन बोली?', मला पेन देतोस का जरा. आमच्या वर्गात पेन रोज कुणीतरी विसरतंच, त्यामुळे या वाक्याला सरावाची वेगळी गरजच पडली नाही.

दुसरा गट मी 'सावरायची वाक्यं' म्हणून देते आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा हाच. 'नो एन्त्येन्दो', कळलं नाही. 'ओत्रा बेस, पोर फाबोर', परत एकदा सांगा. 'मास देस्पास्यो', जरा हळू. 'कोमो से दीसे', याला काय म्हणतात. 'के सिग्निफिका', याचा अर्थ काय. 'उन मोमेन्तो', एक मिनिट थांबा. समोरच्यानं भरभर बोलायला सुरुवात केली की नवशिका माणूस घाबरून गप्प होतो आणि तिथेच बोलणं संपतं. ही सहा वाक्यं असली की तो समोरच्याला हळू करू शकतो, परत बोलायला लावू शकतो, शब्द मागून घेऊ शकतो. त्या स्पॅनिश जोडप्यासमोर माझ्या मुलांकडे यातलं एक जरी असतं तरी पुढचा अर्धा तास वेगळा गेला असता.

आता मुख्य मुद्द्यावर येते. आपण शाळेत परकीय भाषा इंग्लिशमधून शिकवतो कारण पुस्तकं तशी असतात, पण मराठी मुलाला स्पॅनिश मराठीतून जास्त जवळ पडते, हे मी रोज बघतेय. इंग्लिशवाला मुलगा 'आय लाइक मँगोज' वरून 'मे गुस्तान लोस मांगोस' कडे जाताना अडखळतो, आवडणारा मी, मग क्रियापद आंब्यांच्या मागे का जातं हे त्याला समजत नाही. मराठीत बघा. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस. हुबेहूब. 'मला' तसंच राहतं आणि आवडतो आवडतात आंब्याप्रमाणे बदलतं. मी फळ्यावर दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिते आणि काहीच समजावत नाही, मुलंच ओरडतात की टीचर हे तर आपलंच आहे. दुखण्याचंही तसंच, माझं डोकं दुखतंय म्हणजे मे द्वेले ला काबेसा, पाय दुखतायत म्हणजे मे द्वेलेन लोस प्येस. पीटीच्या तासानंतर माझा पिरियड असतो, तेव्हा हे वाक्य निम्म्या वर्गाला खरोखर लागतं.

लिंगाचंही तसंच. दमलेला, दमलेली हा फरक मराठी मुलाला जन्मापासून माहीत आहे, त्यामुळे मुलानं 'एस्तोय कान्सादो' आणि मुलीनं 'एस्तोय कान्सादा' म्हणायचं हे एकदाच सांगावं लागतं. आपल्याकडे लिंगं तीन, त्यांच्याकडे नामांना दोनच, एक ओझं कमी झालं. तू आणि तुम्ही पण आयतं मिळतं, मित्राला 'तू', मुख्याध्यापकांना 'उस्तेद'. फक्त घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलांना थोडं जास्त सांगावं लागतं कारण कोंकणीत घरच्या मोठ्यांनाही तूं चालतं, अर्थात स्पेनमध्येही हल्ली 'तू' बरंच मोकळेपणी वापरतात, त्यामुळे त्यांचंही फार चुकत नाही.

पण सगळीकडे मराठी शब्दाला स्पॅनिश शब्द लावायला जाऊ नका. 'तेंगो आम्ब्रे' म्हणजे मला भूक लागलीय, शब्दशः बघितलं तर माझ्याकडे भूक आहे असं होतं. 'तेंगो दोसे आन्योस', मी बारा वर्षांचा आहे, तिथेही तेच, माझ्याकडे बारा वर्षं आहेत. अशी वाक्यं फोडायची नाहीत, अख्खी द्यायची. मी भाषांतर विचारतच नाही, प्रसंग विचारते. कुणी ग्रास्यास, म्हणजे थँक्यू, म्हटलं की आपण काय म्हणतो? त्यात काय! तेच 'दे नादा'. कुणी जेवत असलं की आपण सावकाश होऊ दे म्हणतो ना, त्यांचं 'ब्वेन प्रोबेचो', आणि हे मधल्या सुट्टीत डबा उघडताना म्हणायचं असा आमचा नियमच आहे. तान्ह्या बाळाला शिंक आली की आजी शतंजीव म्हणते, ते 'सालूद'. निघताना आपण जाते म्हणत नाही, येते म्हणतो, तर 'आस्ता ल्वेगो'. असे जोड मुलांना सापडले की त्यांना ती भाषा बोलणारी माणसं आपल्यासारखीच वाटायला लागतात, आणि मग बोलायची भीड कमी होते.

उच्चारांबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे मराठी मुलांना मोठा फायदा आहे आणि आपण तो वाया घालवतो. स्पॅनिशमधले त आणि द आपल्या त द सारखे दातांवरचे आहेत, इंग्लिशसारखे टणक ट ड नाहीत. प, त, क म्हणताना हवा सुटत नाही. स्वर पाचच, आ ए इ ओ उ, आणि ते कुठेही बदलत नाहीत. म्हणून पहिला महिना मी सगळं देवनागरीत लिहून देते. रोमन अक्षरं आधी दाखवली की मुलं लगेच इंग्लिश वाचायला लागतात, 'माझं नाव अमुक' सांगायचं ते 'मे यामो' दोन एल बघून 'मे लामो' होतं, न उच्चारायचा एच उच्चारतात. कान आणि जीभ तयार झाल्यावर मग रोमन स्पेलिंग, आणि महिन्याभरानं देवनागरी बंद. बंद नक्की करा, नाहीतर मुलं त्यावरच रेलून बसतात.

देवनागरीत न बसणारे आवाज तीन चारच आहेत. एक म्हणजे खोता, म्हणजे रोमन जे या अक्षराचा घसा खरवडून येणारा ख, इथे मी गावातली नावं वापरते. आपल्याकडचा जुझे स्पॅनिशमध्ये खोसे होतो, जुआंव ख्वान होतो. आणि जुन्या गोव्याच्या फेस्ताला निम्मी मुलं जातातच, तर त्यांना सांगते की सेंट फ्रान्सिस झेवियर जिथे जन्मले ते नवारा आज स्पेनमध्ये आहे, १५०६ साली खाबिएरच्या किल्ल्यात त्यांचा जन्म झाला, झेवियर हे नाव त्या गावावरून आलं आणि १५४२ मध्ये ते गोव्यात उतरले. लहानपणापासून ऐकलेलं नाव तिथली माणसं खाबिएर असं उच्चारतात म्हटल्यावर मुलं तो ख अगदी मन लावून घोटतात. दुसरा आवाज लांब र्र. 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, फरक एका र चा. आपला साधा र तर तयारच आहे, लांब र्र साठी मुलांना जुनी स्कूटर सुरू करायला सांगा, ट्रर्रर्र, आणि तोच आवाज धरून पुढे शब्द. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा एवढंच. तिसरा, व्ही आणि बी दोन्हींचा उच्चार ब सारखा, म्हणून मॅचला पोरं 'वामोस' ओरडतात ते खरं तर 'बामोस' आहे.

फुटबॉलचा विषय निघालाच आहे तर, आमच्या वर्गातल्या मुलग्यांना स्पॅनिशची ओढ तिथूनच लागली. एफसी गोवाचे कोच सेर्खिओ लोबेरा २०१७ ते २०२० इथे होते, फेरान कोरोमिनास म्हणजे आपला कोरो २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोन सीझन इंडियन सुपर लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणारा ठरला. मोठ्या भावांकडून ऐकून मुलांना हे पाठ आहे. ग्राउंडवर लागणारे शब्द मग एका दिवसात येतात, पासा, पास दे. आ ला देरेचा, उजवीकडे. आ ला इस्क्येर्दा, डावीकडे. सोलो, एकटा आहेस, वेळ आहे तुला. हेच उजवं डावं मग रस्ता विचारायला कामाला येतं, मी शाळेच्या अंगणात खडूनं पणजी काढते, मांडवी, जेटी, कदंबाचा स्टँड, मार्केट, चर्चच्या पायऱ्या, आणि डोळे बांधलेल्या मुलाला बाकीचे स्पॅनिशमध्ये नेतात.

पोर्तुगीज ओळखीचा फायदा घ्या पण सांभाळून. आपल्या रोजच्या बोलण्यात त्या बाजूचे कितीतरी शब्द आहेत. पाव, त्यांचं पान. चावी, याबे. कोंकणीतलं सापात, सापातो. पगार तर पागार या क्रियापदावरूनच आलाय, पागार म्हणजे पैसे देणं, पोर्तुगीजमध्ये आणि स्पॅनिशमध्येही. पहिल्या आठवड्यात मुलांना घरी आजीआजोबांकडून असे शब्द गोळा करून आणायला सांगते, भिंतीवर मोठा कागद भरतो. पण जनेल वरून स्पॅनिश खिडकी सापडत नाही, ती बेन्ताना, आणि काही शब्द तर चांगलेच फसवतात. आधी पोर्तुगीज शिकलेल्या एका मुलीनं शेजारणीकडे खोडरबर मागताना 'बोर्राचा' म्हटलं, पोर्तुगीजमध्ये तो रबरच, पण स्पॅनिशमध्ये बोर्राचा म्हणजे दारू प्यायलेली बाई. स्पॅनिशमध्ये गोमा म्हणायचं. असे शब्द आधीच सांगून टाका, मुलांना बाहेर कुठे तोंडघशी पडायला नको.

आता वर्ग कसा घ्यायचा. मला आठवड्याला दोन पिरियड मिळतात, चाळीस चाळीस मिनिटांचे. आठवड्याला नवीन वाक्यं चारच, त्याहून जास्त दिली की टिकत नाहीत, मी दहा देऊन बघितलीत. पहिली पाच मिनिटं जुनी वाक्यं, दारातच. मग नवीन वाक्य नुसतं ऐकायचं, तीन वेळा, माझ्या तोंडून आणि मोबाइलवर खऱ्या स्पॅनिश माणसाच्या आवाजात, माझा उच्चार शेवटी डिचोलीचाच आहे आणि मुलांच्या कानाला खरा आवाज पडायलाच हवा. मग सगळ्यांनी एकत्र, मग बाकाबाकानं, मग दोघादोघांत. सगळ्यांनी एकत्र म्हणणं एक दोन मिनिटांच्या वर नेऊ नका, गर्दीत न बोलता नुसते ओठ हलवणारी मुलं असतात.

खरं काम दोघांच्या सरावात होतं, पण त्यात एक गोष्ट पाळा. एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही असं काहीतरी मध्ये ठेवा. तुझं नाव काय असं शेजारच्या मैत्रिणीला विचारण्यात काय अर्थ आहे, तिचं नाव पहिलीपासून माहीत आहे. त्यापेक्षा चिठ्ठ्या करा. आमचा सगळ्यात चांगला तास म्हणजे बाजाराचा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारखा. मुलं घरून काकडी, टोमॅटो, लिंबं, केळी, नारळ आणतात, अर्धी विकणारी, अर्धी घेणारी. विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर भाव, घेणाऱ्याच्या चिठ्ठीवर त्याच्याकडे किती पैसे आहेत ते, आणि एकमेकांची चिठ्ठी बघायची नाही. 'क्वान्तो क्वेस्ता?', केवढ्याला. 'मेद्यो किलो, पोर फाबोर', अर्धा किलो. 'एस मुय कारो', फार महाग आहे हो. 'मे लो देखा एन बेइन्ते?', वीसला द्या ना. मासळीच्या बाजारात आईबरोबर जाणाऱ्या मुलांना घासाघीस शिकवावी लागत नाही, फक्त शब्द द्यायचे.

एकदा यात एका मुलानं काकडीचा भाव ऐकून 'मुय कारो' म्हटलं आणि सरळ पाठ फिरवून निघाला. विकणारी मुलगी जागची उठली, गिऱ्हाईक चाललंय आणि थांबवायला शब्द नाही. तिनं माझ्याकडे वळून जीव तोडून विचारलं, 'टीचर, कोमो से दीसे थांब?' मी म्हटलं, एस्पेरा. आणि ती एका हातात काकडी धरून वर्गभर 'एस्पेरा! एस्पेरा!' करत त्याच्या मागे गेली, आणि पाच कमी करून विकलीच. तो शब्द मी फळ्यावर कधी लिहिला नाही, पण त्या वर्गातला एकही मुलगा तो विसरलेला नाही. शब्दाची गरज आधी लागू द्या आणि नेमकं तेव्हाच शब्द द्या, माझं सगळं नियोजन आता याच भोवती असतं.

चुका कशा सुधारायच्या हे बरेच जण विचारतात. बोलत असताना मध्ये तोडू नका. 'तेंगो आम्ब्रा' म्हणाला तर मी 'आ, त्येनेस आम्ब्रे? यो ताम्ब्येन', अस्सं, भूक लागली का, मलाही, एवढंच म्हणते, बरोबर रूप त्याच्या कानावर जातं. सगळ्यांचीच एक चूक होत असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत फळ्यावर, कुणाचं नाव न घेता. व्याकरणही तिथेच, चार वाक्यं तोंडात बसल्यावर त्यातली सारखी गोष्ट मुलांनाच शोधायला लावते.

स्पेनची स्पॅनिश की लॅटिन अमेरिकेची हा प्रश्नही येतो. ही भाषा वीस देशांत अधिकृत आहे, फरक राहणारच. मी ग्रास्यास असं स नं शिकवते, स्पेनच्या बऱ्याच भागात तिथे जीभ दातांत धरून थ सारखा आवाज काढतात हे ऐकवून ठेवते. आपल्याकडे बऱ्याच घरांतला कुणी ना कुणी बोटीवर असतो आणि क्रूझच्या किचनमध्ये पेरू, होंडुरास, कोलंबियाची माणसं बरोबरीनं काम करतात, त्यामुळे मुलांच्या बाबांना कानावर पडते ती बहुतेक स ची स्पॅनिश. एका मुलाचे बाबा आता बोटीवरून त्याला आठवड्याला एक नवीन वाक्य व्हॉइस मेसेजनं पाठवतात, तो ते वर्गात ऐकवतो. असे पालक असतील तर त्यांना जरूर विचारा, त्यांच्याइतकी रोजच्या वापरातली भाषा पुस्तकात मिळणार नाही.

राहिली परीक्षा. लेखी पेपर शाळेच्या नियमाप्रमाणे होतो, त्यात मी काही बदलू शकत नाही, पण तोंडीचे दहा मार्क माझ्या हातात आहेत. प्रत्येकाला दोन मिनिटं. चिठ्ठीवर मराठीत प्रसंग लिहिलेला, तुला तहान लागलीय पाणी माग, तुझी बस चुकली स्टँड कुठे ते विचार, पोट दुखतंय सरांना सांग. पाच मार्क समोरच्याला कळलं का याचे, तीन अडल्यावर सावरलं का याचे आणि शुद्धतेचे फक्त दोन. गेल्या वेळी एक अगदी अबोल मुलगा आला, चिठ्ठी वाचली, तोंड उघडलं, पुढचा शब्द आठवेना. खाली बघत राहिला. मग मान वर करून हळूच म्हणाला, 'उन मोमेन्तो, पोर फाबोर', आणि बोटं मोजत मोजत वाक्य जुळवून पाणी मागितलं. सावरण्याचे तीनच्या तीन मार्क मी त्याच्यासमोरच लिहिले.